आत्मसंरक्षण आणि त्यामागचे शुक्लकाष्ठ

कटनी येथील एका दुकानदाराचा खटला आमच्या व्यापारी वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. ता. ५ मार्च १९५० रोजी त्या शहरात जातीय दंगा पेटला. कटनी ज्या मध्यप्रदेशात मोडत असे, त्याची राजधानी त्या वेळी नागपूर होती. जमावाने प्रथम ह्या दुकानदाराच्या भावाचे लगतचे दुकान फोडून लुटले, आणि मग ह्याच्या दारावर लाठ्यांचे तडाखे बसू लागले. आत घरची माणसे, बाहेर खवळलेला समुदाय, आणि मध्ये काय ते एक दार! दुकानदाराने आपल्या बंदुकीचे दोन बार काढले. एक मनुष्य ठार झाला व तिघे जखमी झाले. सत्र न्यायालयाने दुकानदारास दोषी ठरविले. नागपूरच्या उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आणि अखेरीस मार्च १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास निर्दोष म्हणून सोडून दिले. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचेच मुख्य न्यायाधीश होते. दुकान प्रत्यक्षात लुटले गेले नाही हे खरे; परंतु जमाव दार मोडून आत येईपर्यंत दुकानदाराने वाट पाहत बसावयास हवे होते असे कायदा म्हणत नाही, आणि अशा घटकेच्या कृत्याचे मोजमाप सोने तोलण्याच्या काट्याने करता येत नाही, हे त्यांच्या निकालाचे सार होय.

हा खटला सांगितला म्हणजे ऐकणारे शेवटची सुटका तेवढी ध्यानात ठेवतात आणि समाधानाने मान डोलावतात. परंतु मार्च १९५० पासून मार्च १९५२ पर्यंतच्या दोन वर्षांत त्या मनुष्यावर दोन न्यायालयांनी गुन्हेगार म्हणून शिक्का मारला होता, हे कोणी बोलत नाही. जीव वाचविण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. तो हक्क बजावल्यानंतर जे शुक्लकाष्ठ मागे लागते त्याचा विचार मात्र आपल्याकडे ना परवानेधारक करतो, ना सरकार करते. आणि ह्या दुहेरी बेफिकिरीचे फळ निरपराध मनुष्याच्या पदरी पडते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हक्काविषयी. १८३७ साली मेकॉले प्रभृति मंडळींनी दंडविधानाचा मसुदा तयार केला, तेव्हा येथील लोक दरोडेखोरांपुढे फार निमूटपणे मान तुकवितात, त्यांच्या अंगी प्रतिकाराची धमक यावी, असा हेतू त्यांनी उघड बोलून दाखविला होता. १८६० च्या दंडविधानातील ९६ ते १०६ ही कलमे त्या विचारातून आली. पुढे १८७८ साली लॉर्ड लिटन ह्यांच्या कारकीर्दीत हत्यारांचा कायदा होऊन त्याच लोकांच्या हातची शस्त्रे काढून घेण्यात आली, ही त्या राज्यकर्त्यांच्या तर्कशास्त्राची मौज आहे. असो. १८७८ चा तो कायदा जाऊन १९५९ चा आला. आणि १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. आत्मसंरक्षणाची कलमे तीत ३४ पासून ४४ पर्यंत आहेत. त्यांतील शब्द फारसे बदललेले नाहीत, म्हणून जुने निकालही उपयोगी पडतात.

ह्या कलमांनी दिलेला हक्क पुष्कळ मोठा आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती उत्पन्न झाली, बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा अम्ल फेकण्याच्या हेतूने हल्ला झाला, तर हल्लेखोराचा प्राण जाईपर्यंतही प्रतिकार करता येतो. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी झालेली घरफोडी, राहत्या घरास किंवा माल साठविण्याच्या जागेस लावलेली आग, ह्या प्रसंगी मालमत्तेच्या रक्षणासाठीही हाच अधिकार मिळतो. जमावाने प्राण घेण्यासाठी हल्ला केला आहे, त्या जमावात लहान मुले मिसळली आहेत, आणि गोळी झाडल्यावाचून जीव वाचत नाही, असे बंदुकीचे उदाहरणही कायद्याने स्वतःच घालून दिले आहे व तेथेही प्रतिकार करणारास दोषमुक्त मानले आहे. कायदा कोणास भित्रेपणा शिकवीत नाही.

परंतु हाच कायदा ३७ व्या कलमात हक्काला दोन कुंपणे घालतो. सरकारी अधिकाऱ्यांकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हा हक्क नाही; आणि संरक्षणास जेवढी इजा करणे अवश्य, त्याहून अधिक इजा करता येत नाही. आमच्या पेठांतून ज्या गैरसमजुती ऐकू येतात त्या बहुतेक येथल्याच. चोरटा गल्ल्यातील रोकड घेऊन भरदिवसा पळत सुटला, त्याने कोणास मारले नाही की भीती घातली नाही, तर त्याच्या पाठीत गोळी घालणारा दुकानदार स्वतःच्या पायांनी खुनाच्या आरोपात शिरतो. रक्कम लाखाची असली तरी त्यात फरक पडत नाही. पंजाबातून आलेल्या एका खटल्यात, १९६२ साली, न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी हा भेद फार स्वच्छ रीतीने दाखविला आहे. संकटात सापडलेल्या मनुष्याची बुद्धी न्यायासनावरील बुद्धीसारखी शांत असू शकत नाही, त्याला ती कसोटी लावू नये, असे ते आधी सांगतात. आणि तरीही हल्लेखोर पळू लागल्यावर, म्हणजे भीतीचे कारण संपल्यावर, झाडलेल्या गोळीस ते संरक्षण देत नाहीत. पहिली गोळी हक्काची व दुसरी गोळी गुन्ह्याची, असे एकाच मिनिटात घडू शकते. सद्भावनेने हक्काची मर्यादा ओलांडली असेल तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो एवढीच सवलत. पण तीतही वर्षानुवर्षांची सजा आहेच.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. गोळी सुटल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत खटल्याचे भवितव्य पुष्कळ अंशी ठरून जाते, आणि नेमक्या त्याच तासांत आमची प्रतिष्ठित घराणी अत्यंत वाईट वागतात. आबरू जाईल ह्या धास्तीने घरात मसलत भरते. कोणी म्हणतो, बंदूक साफ करताना चुकून उडाली असे सांगू. कोणी म्हणतो, नोकराच्या नावावर घालू, त्याच्या घरच्यांना आपण सांभाळू. कोणी सांडलेले रक्त धुऊन काढतो. कोणी मेलेल्याच्या हातात घरातील सुरी ठेवण्याची अक्कल सुचवितो. आणि कोणी ओळखीच्या पुढाऱ्यामार्फत प्रकरण मिटविण्यासाठी पाकिटे मोजू लागतो. नोकराच्या गळ्यात फास अडकवून स्वतःची पगडी सावरणे ही नीचता आहे, हे आम्ही निराळे सांगण्याची गरज नाही. परंतु ज्यांना नीतीपेक्षा हिशेब अधिक कळतो त्यांच्यासाठी सांगतो की, हा हिशेबही आतबट्ट्याचा आहे. खरा बचाव खोट्या हकिकतीखाली गाडला म्हणजे तो पुन्हा उकरून काढता येत नाही. आज ‘चुकून उडाली’ म्हणणारा सहा महिन्यांनी ‘जीव वाचविण्यासाठी झाडली’ म्हणू लागला, तर त्याच्यावर विश्वास कोणी व का ठेवावा? पुराव्यात ढवळाढवळ करणे हा तर स्वतंत्र गुन्हाच होय.

जागा, जखम आणि वस्तू ह्या बोलतात, आणि त्या कोणाची भीड धरीत नाहीत. मुंबईच्या नानावटी खटल्याची आठवण आजही निघते. तो आत्मसंरक्षणाचा नव्हे, झटापटीत रिव्हॉल्व्हर चुकून उडाल्याच्या बचावाचा खटला होता. एप्रिल १९५९ मध्ये आरोपी स्वतः होऊन पोलिसांपुढे हजर झाला होता, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यास निर्दोष म्हटले होते, आणि लोकमत तर उघड त्याच्या बाजूचे होते. तरीही उच्च न्यायालयाने तो दोषी ठरविला व नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. मयताच्या कमरेचा पंचा झटापट झाली असती तर सुटला असता, तो जागच्या जागी राहिला, ह्या साध्या गोष्टीने त्या बचावाचे फार नुकसान केले. जेथे पंचा साक्ष देतो, तेथे छर्ऱ्यांचा पसारा, जखमेभोवतालची काजळी, रिकाम्या काडतुसाची जागा व दाराच्या चौकटीवरील कुऱ्हाडीची खूण ही काय मुकी बसतील? नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे सात वर्षे व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा असे ठरले आहे. म्हणून ह्या मुक्या साक्षीदारांचे वजन पुढे वाढतच जाणार. जो खरे सांगणार आहे त्याचे ते मित्र आहेत. त्यांना हात न लावणे हीच त्याची पहिली हुशारी होय.

तेव्हा असा प्रसंग ओढवलेल्या गृहस्थाने धोका टळताच बंदूक सुरक्षितपणे खाली ठेवावी आणि ११२ क्रमांकावर स्वतः खबर द्यावी. जखमी पडलेला मनुष्य हल्लेखोर असला तरी त्याच्यासाठी रुग्णवाहिका बोलवावी. तो जगला तर परमेश्वराची कृपा, आणि न जगला तरी मारण्याची हौस नव्हती एवढे त्यातून दिसते. पहिली खबर कोणाची, ह्या गोष्टीला आपल्या फौजदारी व्यवहारात फार महत्त्व आहे. हल्लेखोराचे साथीदार ठाण्यावर आधी पोहोचले, तर दुकानदार हा आरोपी व ते फिर्यादी, असा कागद तयार होतो आणि पुढचा सारा तपास त्या कागदाच्या रुळावरून धावतो. स्वतः खबर दिली तर आपलाच कबुलीजबाब आपल्या गळ्यात येईल, अशी भीती वकिलांची अर्धवट बोलणी ऐकलेल्या पुष्कळांस वाटते. परंतु पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, आणि आरोपीने स्वतः दिलेल्या खबरीतील कबुलीलाही तोच नियम लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली ठरविले आहे. खबर थोडक्यात व खरी असावी. कोणी हल्ला केला, त्यांच्या हाती काय होते, आपण कशासाठी गोळी झाडली, हे सांगावे आणि तेथे थांबावे. घाबरलेल्या अवस्थेत अंतरे, मिनिटे व पावले ह्यांचे आकडे ठोकून देऊ नयेत. त्या आकड्यांवरून उलटतपासणीत जी ओढाताण होते ती मोठमोठ्यांस सोसत नाही. तपशिलाची जबानी वकिलाचा सल्ला घेऊन द्यावी. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, अटकेची कारणे समजण्याचा व चौकशीच्या काळात वकिलास भेटण्याचा हक्क आहे, आणि चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे नेले पाहिजे, ह्या गोष्टी घरातील सर्वांस माहीत असाव्यात. कारण ज्याला अटक होते त्याची जीभ त्या वेळी टाळ्याला चिकटलेली असते. हिंडावयाचे काम घरच्यांनाच पडते.

दोन गोष्टी फार वेळा राहून जातात. एक म्हणजे स्वतःच्या जखमा. रक्षण करणारास लागलेला मार लहान असो वा मोठा, त्याची नोंद सरकारी डॉक्टरकडून त्याच दिवशी करवून घेतली पाहिजे. आरोपीच्या अंगावरील ठळक जखमांचा उलगडा फिर्यादी पक्षास करता आला नाही तर त्याची हकिकत संशयास्पद ठरू शकते, हे १९७६ पासूनचे प्रसिद्ध तत्त्व आहे. पण जखमेचा दाखलाच नसेल तर त्या तत्त्वाचा उपयोग काय? दुसरी गोष्ट दुकानातील कॅमेऱ्यांची. त्यांतील जुने चित्रण काही दिवसांनी पुसले जाऊन त्यावर नवे भरत जाते. आपल्या निर्दोषपणाचा सर्वांत मोठा साक्षीदार अशा रीतीने मुकाट्याने मरून जातो. समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रणही पोलिसांनी जप्त करावे म्हणून लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये अशी आपल्याकडे म्हण आहे. आत्मसंरक्षण करणारा ती पायरी चढत नाही. त्याला उचलून वर नेले जाते. वर गेल्यावर आपले कृत्य अपवादात बसते हे दाखविण्याचा भार कायद्याने त्याच्यावर टाकलेला आहे. पण तो भार सरकारपक्षावरील भाराइतका जड नाही. बचावाची हकिकत अधिक संभवनीय दिसली म्हणजे पुरे. आणि आरोपीने हा बचाव नाव घेऊन मांडला नसला तरी पुराव्यावरून तो दिसत असल्यास न्यायालयाने विचारात घ्यावा, असे १९६७ सालीच सांगितले गेले आहे. तत्त्वे चांगली आहेत. ती लावून मिळेपर्यंत मनुष्य पिकून जातो, ही आमची तक्रार आहे.

पंजाबातील दुसऱ्या एका प्रकरणात, जुलै १९९१ मध्ये, जमिनीच्या वादातून बापावर धारदार शस्त्राचा वार झाला आणि मुलाने बंदूक झाडली. हल्ला करणारा मेला. सत्र न्यायालयाने मुलास सोडले, उच्च न्यायालयाने ती सुटका रद्द करून दोषी ठरविले, आणि जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. साडेअठरा वर्षे! त्या निकालात आत्मसंरक्षणाची तत्त्वे इतकी मुद्देसूद मांडली आहेत की पुढच्या कित्येक खटल्यांत वकील तीच वाचून दाखवितात. ज्याच्या आयुष्याच्या खर्चाने ती तत्त्वे इतकी स्पष्ट झाली त्याला ती साडेअठरा वर्षे कोणी परत दिली नाहीत, आणि देण्याची तरतूदही आपल्या कायद्यात नाही.

ह्यात न्यायालयांपेक्षा तपासाच्या पद्धतीचा दोष आम्हांस अधिक वाटतो. प्रेत पडले आहे, गोळी सापडली आहे, बंदूक परवान्याची असल्याने मालक आयताच ठाऊक आहे. अंमलदारास आणखी काय हवे? दोषारोपपत्र तयार! आरोपीने पहिल्या दिवशी जे सांगितले ते खरे की खोटे ह्याचा तपास करणे हे बचावाच्या वकिलाचे काम आहे, अशी एक समजूत पोलीस खात्यात मुरलेली आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. तपास म्हणजे सत्याचा शोध. एका बाजूची वकिली नव्हे. अशा प्रसंगी बहुधा दोन्ही बाजूंच्या फिर्यादी असतात. एक दाखल होते व दुसरी अर्जाच्या रूपाने कोठेतरी पडून राहते. परस्परविरोधी फिर्यादींचे खटले एकाच न्यायाधीशापुढे लागोपाठ चालावेत असे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली सांगितले आहे. तोच नियम तपासालाही लावून दोन्ही फिर्यादी एकाच अंमलदाराने तपासाव्यात, आणि आत्मसंरक्षणाची हकिकत पहिल्या खबरीतच आली असेल तर ती खरी की खोटी ह्याविषयी दोषारोपपत्रात सकारण मत लिहिणे त्यावर बंधनकारक करावे. जो मनुष्य स्वतः खबर देतो, हत्यार हवाली करतो आणि पळून जात नाही, त्यास जामीन नाकारण्यात काय साधते हेही आम्हांस समजत नाही. तो पळणार असता तर पहिल्या रात्रीच पळाला असता.

परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. बंदूक मागणाराची चौकशी होते, त्याला ती कशाला हवी हे विचारले जाते. २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे शिक्षणही आवश्यक ठरविले आहे. चाप कसा ओढावा हे त्यास शिकविले जाते. चाप केव्हा ओढू नये आणि ओढल्यावर काय करावे, हे कोण शिकविते? परवाना हातात पडला म्हणजे पुष्कळांची समजूत अशी होते की सरकारने आपल्यास गोळी झाडण्याचीच मुभा दिली. ती मुभा परवान्यात नाही. ती न्याय संहितेच्या अकरा कलमांत आहे, आणि परवाना नसलेल्या माणसासही तेवढीच आहे. काही महाभागांस तर बंदूक म्हणजे लग्नाच्या वरातीत मिरविण्याचा दागिना वाटतो; त्यांच्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, ठेवले आहे ते योग्यच झाले. अशांची वकिली करण्यास आम्ही येथे बसलेलो नाही. आमचा पक्ष त्या पेढीवाल्याचा, त्या रानातील एकट्या वस्तीवरच्या शेतकऱ्याचा, ज्याने आयुष्यात एकदाच बार काढला आणि ज्याला त्यानंतर काय करावे हे कोणी सांगितलेले नव्हते.

त्यास ते सांगण्याला खर्च कितीसा आहे? न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमे, त्यांखाली पाचसात उदाहरणे, आणि गोळी झाडली गेल्यास करावयाच्या गोष्टी, एवढे सोप्या मराठीत दोन पानांत छापून प्रत्येक परवान्यासोबत द्यावे व ते वाचून समजल्याची सही घ्यावी. शिक्षणाच्या वर्गात त्यावर एखादा निवृत्त न्यायाधीश किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील एक तास बोलला तर अधिकच उत्तम. परवान्याचे नूतनीकरण पूर्वी तीन वर्षांनी होत असे, ते २०१९ पासून पाच वर्षांनी होते; तेव्हा गृहखात्याने हे काम आता हाती घेतले तरी शेवटच्या परवानेधारकापर्यंत ती दोन पाने पोहोचण्यास पाच वर्षे लागतील. म्हणून नूतनीकरणाची वाट न पाहता ती सध्याच्या सर्व परवानेधारकांस टपालाने पाठवावीत, आणि प्रत्येक पोलीस ठाण्याच्या भिंतीवर, अंमलदारांनाही दिसतील अशा जागी, लावावीत.